चढणीच्या जागेचं वजन

मुंबईत बाईने वजन कमी करावं असं सगळ्यांनाच वाटत असतं. नवऱ्याला वाटतं, नणंदेला वाटतं, लिफ्टमध्ये शेवटी शिरणाऱ्या माणसाला तर फारच वाटतं. बाईचं वजन आहे तसं राहावं, जमलं तर दोन किलो वाढावं, अशी मनापासून इच्छा बाळगणाऱ्या जागा या शहरात फार नसतील. त्यातल्या एका जागेवर सुचित्राबाई घाडीगावकर एकोणीस वर्षं उभ्या होत्या.

ही जागा म्हणजे लालबागमधल्या त्यांच्या गल्लीच्या महिला गोविंदा पथकाचा सगळ्यात खालचा थर, आणि त्या थरातली चढणीची जागा. बघणाऱ्यांचं लक्ष वर असतं. वर हंडी असते, कॅमेरे असतात, एक्का म्हणून टोकाला गेलेली शिडशिडीत मुलगी सलामी देत असते. खाली काय चाललंय ते खालच्यांनाच ठाऊक. सहा बायका एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून, डोकी आत घालून गोल उभ्या राहतात. बाहेरून साठ-सत्तर जणी त्यांना दाबून धरतात. त्या सहांपैकी एकीच्या पाठीवरून वरच्या सगळ्या चढतात. पोटरी, कंबर, खांदा अशी तिची शिडी होते. बाकी पाचजणींच्या अंगावर नुसतं उभं राहतात. हिच्या अंगावरून रहदारी चालते.

सुचित्राबाईंचं वजन शहाऐंशी किलो, उंची पाच फूट एक इंच आणि खांदे नव्या गादीसारखे. पथकाचे प्रशिक्षक जयवंत तोरसकर पाहुण्यांना त्यांची ओळख "ही आमची भिंत" अशी करून देत. भिंतीला त्यात वावगं काही वाटत नसे. उलट वर्षभर ती या एका वाक्यावर तग धरून असे. कारण उरलेले तीनशे चौसष्ट दिवस सुचित्राबाई सामंत बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर ब्लाउज शिवत, आणि या दिवसांत कुणी "कशी आहेस गं?" म्हणून विचारलंच, तर पाठोपाठ "हुक बदलून देशील का?" हेही येई. एक दिवस मात्र वीस बायका त्यांच्या पाठीच्या भरवशावर आकाशात जात. ती जागा गेली की मागे उरणार होते ते हुक. वय बावन्न.

गेल्या फेब्रुवारीत पथक चालवणाऱ्या मंडळाने नियम केला की चाळिशीपुढच्या प्रत्येकीने डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणायचं. नियम पुरुष पथकालाही लागू होता. पुरुष पथकाने तो बहुमताने पुढच्या वर्षावर ढकलला.

सुचित्राबाई भोईवाड्यात डॉक्टर संघमित्रा कांबळेंच्या दवाखान्यात गेल्या. सर्टिफिकेट म्हणजे एक सही, अशी त्यांची समजूत होती. डॉक्टरबाईंनी रक्त काढायला लावलं, ईसीजी काढला आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट समोर ठेवून चष्मा कपाळावर चढवला.

"सुचित्राताई, ट्रायग्लिसराइड तीनशे चाळीस."

"म्हणजे पास की नापास?"

"दीडशेच्या आत पाहिजे. ही रक्तात फिरणारी चरबी. तुम्ही खाता, खर्च होत नाही, मग लिव्हर त्याची चरबी करून रक्तात सोडतं. त्यातली थोडी लिव्हरमध्येच मुक्काम करते. वाईट कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठावन्न. चांगलं छत्तीस, ते पन्नासच्या वर हवं. सगळं मिळून दोनशे बासष्ट."

"चांगलं-वाईट कुणी ठरवलं?"

"ज्यांना अटॅक आले त्यांनी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठ किलो कमी करा. दहा टक्क्यांच्या आसपास उतरलात तरी खूप फरक पडतो. ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी पळतं. बाकीची मंडळी रमतगमत येतात. ऑगस्टपर्यंत वेळ आहे. तोपर्यंत सही नाही."

"डॉक्टर, माझी जागाच वजनाची आहे. वजन गेलं तर जागा जाईल."

"आणि हंडीच्या दिवशी खाली तुमच्या छातीत कळ आली तर वरच्या वीसजणी कुठे जातील?"

सुचित्राबाईंना स्वतःच्या हृदयाबद्दल फारसं काही वाटत नसे, पण एकोणीस वर्षांत त्यांच्या पाठीवरून चढलेली एकही मुलगी हाड मोडून घरी गेली नव्हती. हा हिशेब बिघडवायची त्यांची तयारी नव्हती.

घरी वजनकाटा नव्हता. डॉक्टरबाईंचा काटा दोन किलो जास्त दाखवतो असं सुचित्राबाईंचं ठाम मत होतं. त्यामुळे दर रविवारी त्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर उभ्या राहू लागल्या. भंगारवाला बाजूला रद्दीचे गठ्ठे बांधत आकडा मोठ्याने वाचायचा, आणि दुपारपर्यंत तो गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचलेला असायचा. पंच्याऐंशी. साडेचौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. घरातलं तेल निम्म्यावर आलं, तळलेला बांगडा तव्यावरून उतरून कालवणात गेला, दोन वेळचा भात एक वेळ झाला, आणि सुचित्राबाई रोज संध्याकाळी सामंत बिल्डिंगचे चार मजले पाच वेळा चढायला लागल्या.

याचा पहिला निषेध घरातून नोंदवला गेला. त्यांचे यजमान गुणाजी, छापखान्यातून निवृत्त, मूळचे मालवणचे आणि वजनाने छप्पन्न किलो, ताटाकडे बघून म्हणाले, "गो, ह्या घरात घोवय जेवता, म्हायत आसा मा तुका?"

"नवऱ्याला कोण नको म्हणतंय? करून घ्या की तळून."

गुणाजींनी तव्याकडे पाहिलं, तव्याने गुणाजींकडे पाहिलं, आणि प्रकरण तिथेच मिटलं. पुढे एकदा ते सोबत म्हणून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरबाईंनी बसल्या बसल्या त्यांचंही रक्त तपासायला पाठवलं. ट्रायग्लिसराइड चारशे दहा निघालं.

"माका? मी तर काडी आसंय!"

"काका, वजन हे एक कारण आहे, एकमेव कारण नाही. तुमची शनिवारची बैठक किती वाजता सुरू होते?"

गुणाजी खिडकीबाहेरच्या कबुतरांचा अभ्यास करू लागले. घरी येताना वाटेत त्यांनी एकच मागणी केली, की हे कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला कळता कामा नये.

दुसरा निषेध पथकाचा. एप्रिलमध्ये आकडा एक्क्याऐंशीवर आला तेव्हा जयवंत स्वतः जिना चढून वर आले. जयवंत वयाने सात वर्षांनी लहान. त्यांना हाफ पँटीत पाहिलेल्या बायका पथकात अजून पाच-सहा होत्या. त्यामुळे शिट्टी तोंडात असताना ते 'सर' असत आणि शिट्टी काढली की 'अरे जयवंत'.

"सुचित्राताई, काय ऐकतोय मी? एक्क्याऐंशी?"

"साडेऐंशी. काल जरा घाम आला होता."

"तुमचं वजन म्हणजे पथकाची प्रॉपर्टी आहे. असं परस्पर कमी नाही करता येत."

"मग घरपट्टी भर," सुचित्राबाई म्हणाल्या आणि मशीनचं चाक फिरवलं.

"मी सिरियस आहे. दादरच्या पथकात बेसला सगळ्या नव्वदीच्या आहेत."

"तुझा नियम, तुझं सर्टिफिकेट. ते मिळवायचं तर उतरावं लागतं. नाही मिळवलं तर तू बाहेर काढणार, मिळवलं तरी तू बाहेर काढणार. एकदा ठरव, मी कुठल्या दारातून बाहेर जायचं ते."

जयवंतांनी ठरवलं नाही. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या दुर्गाला पथकात यायचं आमंत्रण दिलं. दुर्गा चौतीस वर्षांची, एक्क्याण्णव किलोची, स्वभावाने लोण्यासारखी. सर्टिफिकेटची तिला गरज नव्हती, कारण चाळिशीच्या आत हृदयविकार होत नाही असं मंडळाच्या ठरावात गृहीत धरलेलं होतं.

हे कळल्यावर सुचित्राबाईंनी जो निर्णय घेतला तो चिडलेल्या माणसाचा निर्णय होता, म्हणजे चुकीचा. आठ किलो ऑगस्टपर्यंत उतरवायचे होते. त्यांनी ते जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवून जयवंताच्या तोंडावर रिपोर्ट मारायचा असं ठरवलं. मेच्या शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी, बाकी दिवसभर सोलकढी. सोलकढी पाचक असते, थंड असते, पोट भरतं आणि ती जेवणात मोजली जात नाही, हे मालवणी घरात जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. रोज एक अख्खा नारळ खवून, वाटून, जाड दूध काढून, वर कोकमाचं आगळ घालून त्या मोठा तांब्या भरून ठेवत.

सात जूनला भंगारवाल्याने आकडा वाचला, "साडेसत्त्याहत्तर!" आणि रद्दी विकायला आलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. आठ जूनला सुचित्राबाईंनी रक्त दिलं. लॅबमध्ये नंबर घरातल्या एकुलत्या मोबाइलचा लिहिलेला होता आणि तो गुणाजींच्या हातात असे, त्यामुळे रिपोर्ट आधी त्यांनी पाहिला. तो त्यांनी पुण्याच्या मुलाला पाठवायचा म्हणून पथकाच्या ग्रुपवर पाठवला.

ट्रायग्लिसराइड एकशे नव्वद, म्हणजे जवळपास निम्म्यावर. पण ग्रुपवर कुणी ते वाचलं नाही, कारण त्याच्या खालचा आकडा लाल होता. वाईट कोलेस्टेरॉल एकशे एक्क्याण्णव. फेब्रुवारीपेक्षा तेहतीसने जास्त. चांगलं छत्तीसवरून तेहतिसावर. आणि एकूण बेरीज दोनशे बासष्ट. चार महिन्यांची उपासमार, साडेआठ किलो, चार मजले, पाच वेळा, आणि बेरीज जिथल्या तिथे.

पहिला संदेश जयवंतांचा आला. त्यात शब्द नव्हते, फक्त जोडलेले हात होते. पाठोपाठ कुणीतरी लिहिलं, "म्हणून सांगते, शरीराशी खेळू नये." कुणी लिहिलं, "वजन कमी केल्याने कोलेस्टेरॉल वाढतं हे मी पण ऐकलंय." सुचित्राबाईंची चार महिन्यांची तपश्चर्या बघून दोन-तीन जणींनी गुपचूप भात कमी केला होता; त्यांनी त्या रात्री दुप्पट घेतला असणार. गुणाजी बिचारे ओट्याशी उभे राहून म्हणाले, "कित्याक उपाशी रवतंस गो? जेव आता. व्हयां तर मी बांगडो तळतंय." आणि लग्नाला तीस वर्षं झाल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी खरोखरच तवा ठेवला.

सुचित्राबाईंनी बांगडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरबाईंच्या आधी हजर होत्या.

"फसवलंत मला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "आधी हे सांगा, शेवटच्या महिन्यात किती उतरलं?"

"साधारण तीन-साडेतीन."

"मी म्हटलं होतं, ऑगस्टपर्यंत वेळ आहे. सुचित्राताई, अंगातली चरबी जाते म्हणजे काय हवेत उडते का? साठवण फुटते आणि सगळा माल रक्तातूनच बाहेर पडतो. माणूस वेगाने उतरत असताना तपासलं तर वाईट कोलेस्टेरॉल कधी कधी वर दिसतं आणि चांगलं खाली. घर रिकामं करताना सामान जिन्यात असतं, तेव्हा फोटो काढलात तर घर आवरलंय असं दिसेल का? वजन थांबू दे. सहा-आठ आठवडे एका जागी राहू दे. मग बघू."

"म्हणजे हे खरं नाही?"

"खरं आहे. पण शेवटचं नाही. आणि सगळं त्यानेच झालंय असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. थायरॉइड तपासू. बरं, तीन आठवडे खाल्लंत काय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे काय काय?"

"अर्धी भाकरी. आणि सोलकढी."

"किती?"

"तांब्याभर."

"कशाची करता?"

"कशाची म्हणजे? कोकमाची."

"आणि?"

सुचित्राबाईंना क्षणभर प्रश्नच कळला नाही. "आणि नारळाचं दूध. ते काय धरायचं?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रोज किती नारळ?"

"एक."

"सुचित्राताई, नारळात जी चरबी असते ना, ती नेमकं हेच वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. तुम्ही तीन आठवडे रोज एका नारळाची चरबी प्यायलात, आणि वरून सांगताय काहीच नाही."

नारळात चरबी असते ही गोष्ट सुचित्राबाईंना समुद्रात मीठ असतं तितकीच ठाऊक होती, आणि तितकीच तिचा आपल्याशी काही संबंध आहे असं आजवर कधी वाटलं नव्हतं. तूप म्हणजे चरबी, वडा म्हणजे चरबी. नारळ म्हणजे नारळ. त्यांच्या आईच्या, आजीच्या, सगळ्या मालवणी माणसांच्या स्वयंपाकघरात हा हिशेब असाच होता.

"म्हणजे चूक माझी," त्या शेवटी म्हणाल्या.

"थोडी तुमची, थोडी घाईची. किती कुणाची ते रक्त सांगत नाही. आता उपाशी राहायचं नाही. अंडी खा, मासे खा, कालवणाला नारळ चवीपुरता. आणि ताकद वाढवा. उपाशी राहून नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात, आणि तुमच्या जागेला स्नायू लागतात. ऑगस्टमध्ये परत तपासू. तेव्हाही हा आकडा इथेच असला तर गोळी सुरू, आणि मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"तेव्हा कमी झाला तर सही?"

"झाला तर सही."

घरी येऊन सुचित्राबाईंनी तांब्या घासून पालथा घातला. त्याऐवजी फुटी कढी सुरू झाली, म्हणजे तेच कोकम, तीच मिरची-कोथिंबीर, फक्त नारळाच्या दुधाऐवजी पाणी. गुणाजींनी एक घोट घेऊन ही कढी आजाऱ्याची आहे असा शेरा दिला. सुचित्राबाईंनी त्यांना त्यांच्या चारशे दहाची आठवण करून दिली, आणि त्यांनी दुसरा घोट घेतला.

ग्रुपवर त्यांनी एकच वाक्य टाकलं. "ऑगस्टमध्ये परत रक्त देणार आहे, तेव्हाही रिपोर्ट इथेच टाकीन, लाल असला तरी." त्याला कुणी अंगठा दिला नाही, फक्त इरावतीने दिला. इरावती म्हणजे पलीकडच्या चाळीतली तेवीस वर्षांची मुलगी. ती दुसऱ्या थरावर उभी राही आणि पाच वर्षं सुचित्राबाईंच्याच खांद्यावर उभी राहत आली होती.

जून-जुलैमध्ये गॅलरीतल्या लोकांना रोज सकाळी एक दृश्य दिसे. सुचित्राबाई पाठीवर वीस किलो तांदळाचा कट्टा घेऊन गुडघ्यात वाकत, थांबत आणि उभ्या राहत. जो तांदूळ त्या ताटात मूठभर घेत होत्या तो खांद्यावर पोतंभर होता. सुरुवातीला आठ वेळा जमलं. जुलैअखेर चाळीस. वजन मात्र साडेसत्त्याहत्तरला जे थांबलं ते थांबलं. भंगारवाल्याला आकडा वाचायचा कंटाळा आला.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला, पालिकेच्या शाळेच्या पटांगणात, रविवारी सकाळी. रात्रीची वेळ आणि मोठं मैदान पुरुष पथकाकडे असे, कारण पुरुषांना दिवसा कामं असतात. दुर्गा चढणीच्या जागेवर उभी राहिली. सुचित्राबाईंना जयवंतांनी बाहेरच्या वेढ्यात ठेवलं, दाबून धरणाऱ्या साठजणींत, तिसऱ्या रांगेत. तिथून समोरच्या बाईची वेणी दिसते, बाकी काही नाही. सुचित्राबाईंनी तीन रविवार ती वेणी पाहिली. एकदा घरी येताना दुर्गाने त्यांचा हात धरला.

"ताई, तुम्ही सरांना सांगा ना. मला सहाजणींत कुठेही उभी करा, पण ती रहदारी नको. माझ्या कमरेवर पाय पडला की मला गुदगुल्या होतात."

"सांगितलंस त्याला?"

"सांगितलं. म्हणाले, सवयीने जातील."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुचित्राबाईंनी परत रक्त दिलं. थायरॉइड आधीच ठीक निघालं होतं. रिपोर्ट आला तेव्हा गुणाजींनी यावेळी मोबाइल हातात न धरता टेबलावर ठेवला आणि दोघं वाकून बघू लागली. ट्रायग्लिसराइड एकशे पन्नास. वाईट कोलेस्टेरॉल एकशे बत्तीस. चांगलं चाळीस, पन्नासला अजून दहा कमी, पण फेब्रुवारीपेक्षा चार जास्त. एकूण दोनशे दोन.

डॉक्टरबाईंनी सही केली. "अजून बेस्ट नाही. सहा महिन्यांनी परत. आणि हे वजन टिकवलंत तरच हे आकडे टिकतील, परत चढलात तर तेही परत चढतील."

"मी चढत नाही, डॉक्टर," सुचित्राबाई म्हणाल्या. "माझ्यावर चढतात."

रिपोर्ट ग्रुपवर गेला, कबूल केल्याप्रमाणे. यावेळी अंगठे अकरा आले. जयवंतांचा आला नाही.

गोपाळकाल्याला दोन रविवार उरले होते. सुचित्राबाई सर्टिफिकेट घेऊन पटांगणात आल्या आणि ते जयवंतांच्या हातात दिलं. जयवंतांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

"वजन किती?"

"साडेसत्त्याहत्तर."

"कमी आहे, ताई. मनापासून सांगतो. बाहेरून दाबा, तिथेही मजबूत बाई लागते."

सुचित्राबाई तिसऱ्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. शिट्टी झाली. आतल्या सहाजणी जुळल्या, वेढा आवळला, दुसरा थर चढू लागला. इरावती चढली. पाठोपाठ एक, दोन; तेवढ्या गुदगुल्या दुर्गाने ओठ चावून सोसल्या. तिसऱ्या थराच्या पहिल्या मुलीने दुर्गाच्या कमरेवर पाय ठेवला आणि दुर्गाच्या अंगातून हसू असं काही सळसळत गेलं की सहाही बायका हलल्या, वरच्या बसल्या, आणि सगळा डोलारा दाबणाऱ्यांच्या हातांवर उतरला. कुणाला लागलं नाही. दुर्गा डोळे पुसत "सॉरी सॉरी" म्हणत होती आणि हसत होती.

"परत!" जयवंत ओरडले.

परत तेच. या वेळी इरावतीचा गुडघा खरचटला.

"परत!"

सुचित्राबाई तिसऱ्या रांगेतून निघाल्या. समोरची वेणी बाजूला झाली, तिच्या पुढच्या दोघी बाजूला झाल्या, आणि त्या सरळ आत आल्या. दुर्गाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दुर्गे, एक जागा उजवीकडे सरक." दुर्गा इतक्या तत्परतेने सरकली की उजवीकडचीला आणखी उजवीकडे व्हावं लागलं, आणि सहावी वेढ्यात गेली. सुचित्राबाईंनी दोन्ही हात टाकले, पाय रोवले, डोकं आत घातलं.

शिट्टी झाली नाही.

"सुचित्राताई, बाहेर या."

"सर्टिफिकेट तुझ्या खिशात आहे."

"ते हार्टचं आहे. मला इथे भिंत पाहिजे."

"एकोणीस वर्षं भिंत म्हणालास, ऐकून घेतलं. भिंत गुडघ्यात वाकून परत उभी राहत नाही रे. वरची हलली की खालचीला हलावं लागतं, तिच्याबरोबर, आणि मग थांबावं लागतं. ते वजनाने होत नाही. पायांनी होतं. तू कधी खाली उभा राहिलायस?"

जयवंत कायम वरच्या थरांतले. हे पटांगणात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी हसलं नाही, फक्त दोघी खोकल्या.

"ताई, तुमचं वजन..."

"साडेसत्त्याहत्तर. लिहून ठेव. ते आता वर जाणार नाही, आणि तुझ्यासाठी तर नाहीच नाही."

"पडलं तर?"

"पडलं तर मी खालीच आहे," आतून सुचित्राबाईंचा आवाज आला. "सगळ्या माझ्यावर येणार. तुझ्यापेक्षा मलाच जास्त काळजी असणार की नाही? वाजव."

जयवंतांनी वेढ्याकडे पाहिलं. साठजणींपैकी एकही हलली नाही. मग वेढा आपोआप आवळला गेला, शिट्टीशिवायच, आधी मागच्या रांगेतून, मग पुढच्या. पथकाच्या इतिहासात हा प्रकार नव्हता. दाबणाऱ्यांनी हुकमाची वाट न बघणं याला शिस्तभंग म्हणतात. जयवंतांनी शिट्टी टी-शर्टला पुसली. इरावती सुचित्राबाईंच्या मागे, खरचटलेला गुडघा झटकत, एक पाय त्यांच्या पोटरीवर टेकवून थांबली होती. पाय टेकला होता, वजन दिलं नव्हतं. तेवढ्यासाठी शिट्टी लागते.

शिट्टी वाजली.

पोटरी, कंबर, खांदा. इरावती वर आली आणि तिचा पाय जिथे गादी असायची तिथे हाडावर पडला.

"काकू, हाड लागतंय."

"लागू दे. पाय मानेकडे घे. अजून. हां, तिथे."

पाठोपाठ दुसरी, तिसरी. सुचित्राबाईंना खाली फक्त सहा जोड्या पावलं दिसत होती, आणि मधल्या मातीत कुणाचीतरी पडलेली पिन. तिसरा थर कमरेवरून गेला. मांड्या थरथरल्या, मग थरथरणं थांबवून तशाच राहिल्या. चौथा थर. वर कुणीतरी डावीकडे कललं. सुचित्राबाईंनी गुडघा अर्धा वाकवला, वरचं कललेलं परत मधे आलं, गुडघा उभा केला. शेजारी दुर्गा पुटपुटत होती, "ताई, ताई, ताई," प्रार्थना म्हणावी तशी. घाम डोळ्यात उतरला, पण हात दोन्हीकडच्या खांद्यांवर अडकलेले, त्यामुळे तो तिथेच राहिला. पाचवा थर, मग एक्का. बाहेरून टाळ्या ऐकू आल्या, म्हणजे वर सलामी झाली असणार.

उतरताना सगळ्या त्याच वाटेने उतरल्या. खांदा, कंबर, पोटरी. शेवटची इरावती. वेढा सैल झाला, सहाजणींनी डोकी वर काढली.

सुचित्राबाईंच्या उजव्या खांद्यावर पावलाचा मातकट शिक्का होता आणि त्याखाली निळसर होऊ लागलेलं हाड. त्यांनी टी-शर्ट वर सरकवून नीट केला आणि जयवंतांकडे पाहिलं. जयवंतांनी शिट्टी तोंडातून काढली. माफी मागणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं आणि कौतुक करणं स्वभावाला. त्यांनी घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं.

"परत," ते म्हणाले. "ताई, तुम्ही तिथेच."

"आधी पाणी पिते," सुचित्राबाई म्हणाल्या, आणि सावकाश, अजिबात घाई न करता, पटांगणाच्या कडेच्या नळाकडे गेल्या. सगळं पथक थांबून राहिलं.